डॉक्टरला हसवून आलात त्या दिवशी

दादा,

आज मला तुमचा भयंकर राग आला आहे, आणि तो ज्यांच्याजवळ काढावा अशी माणसं आता उरली नाहीत, म्हणून तुम्हालाच लिहिते. सकाळी आम्ही सगळे नदीवर, भेडाघाटला गेलो होतो. गोवऱ्यांवर गक्कड, ते कणकेचे जाड रोट, भाजले, वांग्याचा भरता झाला, आणि जेवून सतरंजीवर अंग टाकल्यावर आपल्या घरात नेहमी होतं तेच झालं. तुमच्या गोष्टी निघाल्या. तुम्हाला कधीही न पाहिलेला तुमचा नातू, माझ्या भावाचा मुलगा, उठून बसला आणि म्हणाला, "चलो, आता दादाजींचा डॉक्टरवाला किस्सा!" गोष्ट सुरू व्हायच्या आधीच सगळे हसायला लागले. मी पाण्याकडे तोंड करून बसले.

तुम्ही होतातच तसे, हे काय मला माहीत नाही? तोफगोळ्यांच्या कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने सायकलींचा लोंढा शहरात शिरायचा आणि आपल्या चेरीतालच्या वळणावर आम्ही पोरं तुमची वाट बघत उभी असायचो. फक्त आपल्याच घरची नाही, सगळ्या गल्लीची. तुम्ही दोन्ही हात सोडून सायकल चालवत यायचात, उतरायचात आणि कुणाच्या कानामागून, कुणाच्या वेणीतून गुळाचा खडा काढून दाखवायचात. बारुदाने पिवळे झालेले पंजे आमच्या गालांवर दाबून म्हणायचात, "झाली हळद! आता वाजंत्री बोलवा." आम्ही किंचाळत पळायचो. तो गूळ कारखान्यातून तुम्हाला खायला मिळायचा, घशातली बारुदाची धूळ उतरावी म्हणून. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. आज भावजय म्हणाली, काय मन होतं बघा, स्वतःच्या तोंडचा घास पोरांना दिला. मला हे पटत नाही. तुम्हाला तो गलका हवा होता. भोवती हसणारी माणसं नसली की तुम्हाला करमायचं नाही, आणि त्यासाठी तुम्ही काहीही द्यायला तयार असायचात.

मग लढाईचा तो हिवाळा. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, कारखाना रात्रंदिवस चालू, आणि तुम्ही दुहेरी पाळी करून तोफगोळ्यांत बारूद भरता आहात. आई तुमचे कपडे धुते तेव्हा मोरीतून पिवळं पाणी वाहतं. तुमचा खोकला आता भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ओळखू येतो. अशात बातमी येते की डॉक्टर सगळ्यांना तपासणार आहेत आणि ज्यांची छाती खराब निघेल त्यांना बारुदापासून दूर, पॅकिंगला बदलणार. तपासणीच्या सकाळी आई देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसते. मी तिच्याजवळ उभी आहे. तिने काय मागितलं असेल ते मला न सांगता कळतं.

संध्याकाळी तुम्ही घरी येता, पँटीला लावलेली सायकलची क्लिपसुद्धा न काढता बाहेरच्या खोलीत उभे राहता आणि सुरू करता. काका, काकू, पोरं, दोन शेजारी, सगळे जमलेत. डॉक्टरने छातीला नळी लावली. "खाँसी आती है?" तुम्ही श्वास रोखून म्हणालात, "साहब, हमारे घर में चौदह आदमी हैं." मग थांबलात. डॉक्टरने वर बघितलं. "खाँसी आई भी तो सोएगी कहाँ?" डॉक्टर इतका हसला की नळी काढून त्याने डोळे पुसले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तुम्ही फिट! खोली हसून फुटायच्या बेतात आली. मीही पोट धरून हसले.

आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "काहून खोटं सांगून आले तुम्ही? रातभर खोकून राहिले, ते काय मी खोकून राहिली होती?"

"अगं, लढाई चालू आहे. सिपाही खोकला म्हणून बंदूक खाली ठेवते काय?"

"पॅकिंगचं काम काय दुश्मनाचं आहे?"

एवढं एकच वाक्य बोलून ती आत गेली. तुम्ही आमच्याकडे बघून डोळे मिचकावलेत, "अच्छा, आता आपली खैर नाही," आणि लोक पुन्हा हसले. मी इतकी वर्षं त्या वाक्यावर अडकून पडले आहे. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर द्या ना, दादा. पॅकिंगमध्येही देशाचंच काम होतं. तिथे तुमचं चहाच्या सुट्टीतलं टोळकं नव्हतं, एवढंच.

लढाई जिंकलो, गल्लीत पेढे वाटले, तुमचा खोकला मात्र राहिला. पुढे पुढे तुम्हाला गोष्ट एका दमात सांगता येईना. मध्येच थांबायचात, खाटेची कड घट्ट धरायचात, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं की दादा मुद्दाम थांबलेत, आता काहीतरी मजेदार येणार. ते आधीच हसू लागायचे. आई तेवढी उठून पाणी आणायची. तुम्ही गेल्यावर तिने आम्हाला वाढवलं, शिकवलं, दिरांची बोलणी ऐकून घेतली, आणि सगळ्या खानदानात खाष्ट म्हणून नाव कमावलं. तिच्या गोष्टी कुणी सांगत नाही. सांगण्यासारखं काय आहे म्हणा, ती सदा कामात असायची. तुम्ही सगळ्यांचे लाडके झालात आणि तिच्या वाट्याला हे आलं, हा माझा राग आहे. तो मेल्याशिवाय जायचा नाही.

आज तुमच्या नातवाने ती गोष्ट सांगितली. अगदी वाईट सांगितली. डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर एका झटक्यात देऊन मोकळा झाला आणि स्वतःच हसत सुटला. मी वळले. ठरवलं होतं की आज बोलायचंच. मोरीतलं पिवळं पाणी सांगायचं, आई दारात येऊन काय बोलली ते सांगायचं, आणि या पोरांना सांगायचं की त्या एका हशापायी त्यांचे आजोबा गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असं नाही रे. चौदह आदमी हैं म्हटल्यावर थांबायचं असतं."

मग मी उभी राहिले, श्वास रोखला आणि पहिल्यापासून सांगितली. थांबायचं तिथे थांबले. सगळे लोटपोट झाले, तुमची नातसून तर डोळे पुसत होती. आईचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

हे पत्र तरी मी कुठे कुणाला पाठवणार आहे, म्हणून खरं सांगते. मला इतकं बरं वाटलं, दादा, की मी तुमची आणखी एक गोष्ट सांगितली.