वरची बांगडी

५ जानेवारी १९६३
शेगावला दर्शन उरकून दुपारच्या एसटीने पिंपळगाव राजाला आलो. शाळा ठीक, खोली हवेशीर, विहिरीचं पाणी गोड. नवा संसार, पुष्पा खूश आहे. शेजारच्या रुखमाबाई विधवा, तोंडाने फटकळ, पण आल्या आल्या भाकर-झुणका पाठवला. पोरं मला विचारतात, मास्तर, तुमी असे पुस्तकावानी काऊन बोलता? नाशिककडच्या माणसाने दुसरं कसं बोलावं!

१२ जानेवारी
यात्रेला गावकरी नाटक करतात. जुनं, शोकांत आहे: सरदार दुसऱ्याचं ऐकून बायकोवर संशय घेतो आणि शेल्याने तिचा गळा आवळतो. दहा वर्षं गावातला शालिग्राम सरदार व्हायचा. यंदा मंडळींनी माझी शुद्ध वाणी ऐकून भूमिका मला दिली. शालिग्रामने रुसायला हवं होतं. उलट स्वतःचा शेला आणून दिला, पडद्याआडून वाक्यं मीच सांगीन म्हणाला. असा दिलदार माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही.

१५ जानेवारी
संक्रांतीच्या बांगड्या भरायला काल फकीर मोहम्मद मनियार आला होता. पुष्पाचा हात त्याच्या हातात बघून माझं डोकं सणकलं. परजातीचा माणूस, आणि ही त्याला भाई भाई म्हणत हसतेय! डझनभर हिरव्या घातल्या, वर लाखेची एक लाल. लालचे पैसे घेतले नाहीत. का, असं मी दरडावून विचारलं. म्हणाली, नवऱ्याच्या आयुष्यासाठी वरची एक तो फुकट घालतो, इथली रीत आहे. बरी रीत सापडली हिला.

२१ जानेवारी
शेवटी शालिग्रामला विचारलं. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, जाऊ द्या नं मास्तर, तुमच्या घरची गोष्ट; पन अशी रीत मी तं बापजन्मात आयकली नाही. आणखी कुणाला विचारू? घरची लाज चावडीवर न्यायची? बायकांचे हात बघत हिंडणं मास्तराला शोभत नाही.
रोज संध्याकाळी घरी शेवटच्या प्रवेशाची तालीम करतो. पुष्पा खाटेवर पडते, किंकाळी मारते. भिंतीपलीकडून रुखमाबाई विचारतात, आजबी मेली का वं माय? दोघी खिदळतात. मला हसू येत नाही.

३ फेब्रुवारी
मी शाळेत असताना मनियार दोनदा आमच्या गल्लीत आला. शालिग्रामने पाहिलं. पुष्पा म्हणते, फुटलेल्या बांगड्या बदलायला बोलावला होता. फुटल्या कशा, विचारलं तर तिने मनगट पदराखाली घेतलं. आदल्या दिवशी मी मनगट पिरगाळलं होतं हे खरं, पण लाल कशी नाही फुटली? ती बरी जपली!

११ फेब्रुवारी
जेवण जात नाही. काढ म्हटलं तर लाल काढत नाही. तुमच्या आयुष्याची आहे म्हणते, रडते. मी म्हणालो, नाटक पुरे.
शालिग्राम म्हणाला, सरदारानं जे केलं ते मरदाचं काम. नाटकातलं म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.

यात्रेचा दिवस, दुपार
शेवटची तालीम म्हणून झोपवली. शेला आवळला. आधी हसली. मग — किंकाळी नेहमीपेक्षा मोठी होती. कुणी आलं नाही. रोजचंच.

वही घेऊन बसलोय. लिहीत राहिलं की डोकं शांत होईल —

शालिग्राम आला. दारातून पाहिलं. घाबरला नाही. तिच्या गळ्यातला शेला सोडवून घेतला, घडी घातली. म्हणाला, आज नाटकात मलेच लागते. मी विचारलं, ती बांगडीची रीत? तो म्हणाला, लय जुनी हाय मास्तर. गेला.

खोटं. खोटं बोलला. तेव्हा खरं बोलला होता, आज —

रुखमाबाई आल्यात. मी पाठ करतोय असं वाटतंय त्यांना. खाटेकडे बघून हसतात. म्हणतात, लय झालं सोंग, ऊठ नं वं पोरी. लाल बांगडी बघून म्हणतात, मलेबी घालून देत होता फकीरभाई, मालक होते तवर. समद्या सवाष्णींले घालते, बिचारा.

समद्या.

वाकल्या. उठवायला तिचा हात धरला. हसू थांबलं. माझ्याकडे बघतात, मी खाली बघून लिहितोय, लिहीतच राहिलो तर त्या विचारणार ना —