पुढे माहिती नाही

सेक्टर ४३, चंदीगड
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

ती. सुरेखाआत्यास,

अविनाशचा चंदीगडहून वाकून नमस्कार. तुझा गुडघा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आणि शेजारच्या बोक्याशी चाललेलं तुझं भांडण, या तिन्हींची खुशाली कळव. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. क्षितिजाने थंडीच्या स्वागताला गोधड्या उन्हात टाकल्या आहेत. लेक पूर्वी बंगळुरूला आहे आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते, म्हणजे तीही बरी आहे. माझी तब्येत आता बरी आहे. (यातल्या ‘आता’कडे लक्ष दे. मध्ये बारा दिवस ती बरी नव्हती, आणि का नव्हती हे सांगायलाच पत्राचा घाट घातलाय. तू बसून वाच. पाटावर नको, खुर्ची घे.)

पेपरात सोपा प्रश्न आधी सोडवावा, असं तू शाळेत पोरींना सांगायचीस. म्हणून सोपं आधी सांगतो. आपला आंबर्डेकरांचा कुलवृत्तांत सुखरूप आहे. अकरा पिढ्या, तीनशे बारा पानं. माघात तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाला तो छापून तुझ्या मांडीवर पडणार, यात शंका नको. आता अवघड प्रश्न.

तुझ्या नऊ वह्या मी दोन वर्षं रोज ऑफिसातून आल्यावर टाइप करत होतो, हे तुला ठाऊक आहे. छापून झालं की वह्या रद्दीत घालायच्या नाहीत, पूर्वजांची नावं आहेत, वाहत्या पाण्यात सोडायच्या, अशी तुझी आज्ञा होती. ती मी पाळली. फक्त किंचित घाई केली. ‘छापून झाल्यावर’ ऐवजी ‘टाइप करून झाल्यावर’ पाळली. अनंतचतुर्दशीला इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती घग्गर नदीवर निघाला होता, मी म्हटलं एवढी सोबत पुन्हा कुठे मिळणार? नऊच्या नऊ वह्या पंचाच्या गाठोड्यात बांधून नेल्या. घग्गरला पाणी घोट्यापर्यंत. वह्या बुडायला तयार नव्हत्या. तिसरी वही तर गोल फिरून परत माझ्या पायाशी आली. शहाण्या माणसाने तिथेच समजायला हवं होतं. मी तिला काठीने पुढे ढकललं आणि वर हात जोडले.

(ओरडू नकोस. टाके ताजे आहेत, डोळ्यावर ताण येईल.)

तेव्हापासून आपलं सगळं कूळ माझ्या आठ वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये राहायला होतं. सुरक्षित प्रत काढलेली होती, तेवढा मी बेजबाबदार नाही. ती त्याच कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मला ईमेल आली. इंग्रजीत होती. ‘प्रिय कुटुंबीय, आपल्या पूर्वजांची हरवलेली कागदपत्रे सोबत जोडली आहेत, त्वरित उघडावीत.’ आत्या, तू माझ्या जागी असतीस तर तूही उघडली असतीस. कारण मला एकदम विसाजी आठवला. तिसऱ्या पिढीतला, तुझा लाडका. ‘सन १७६० साली फौजेबरोबर उत्तरेस गेला. पुढे माहिती नाही.’ माझी बदली चंदीगडला झाल्याचं कळवलं तेव्हा तू अभिनंदनसुद्धा केलं नव्हतंस. तू म्हणालीस, पानिपत तुझ्या वाटेवरच आहे, जाता-येता चौकशी करत जा. मी केली आहे. पानिपतजवळ बस जेवायला थांबते त्या ढाब्यावर मी तीन वेळा विचारलंय. पहिल्यांदा पराठा आला, दुसऱ्यांदा लोणचं, तिसऱ्यांदा मालकच बाहेर आला. त्यामुळे विसाजीची शाखा आपणहून दारात आली म्हटल्यावर मी चष्मा पुसला, क्षितिजाला हाक मारली, देवाला दिवा लावला आणि मग ती फाइल उघडली.

अडीचशे वर्षांनी घरी परतलेला माणूस असा वागेल असं वाटलं नव्हतं. पडदा थरथरला, निळा झाला, काळा झाला. बंद करून परत लावलं तर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की सुरू करायला इथे काहीच सापडत नाही. आत्या, अकरा पिढ्या आत असताना ते यंत्र म्हणतं काहीच सापडत नाही! पुढे तर तेवढंही म्हणेना. मिनिटभर घरघरायचं, पीं पीं करायचं आणि मान टाकायचं.

पूर्वीला फोन लावला. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, बॅकअप तो लिया था ना?” मी कप्प्याचं सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला, तो मला फोनवर ऐकू आला. मग तिने सांगितल्याप्रमाणे मी चार दिवस उपचार केले. सुरू करताना वरच्या रांगेतलं एक बटण भराभर दाबायचं होतं. मी दाबायचो आणि क्षितिजा शेजारी बसून पीं पीं मोजायची. (आधी पाच, मग सात. लिहून ठेवले आहेत.) चौथ्या दिवशी ती म्हणाली की याला घरचे उपाय पुरे झाले, आता मोठ्या डॉक्टरला दाखवा. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. इथून जवळच्या खरड गावचे बलविंदरजी. हवाई दलात रडारवर काम केलेले, आता निवृत्त, घरीच यंत्रं बघतात.

कॉम्प्युटरचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून मी इथल्या अड्ड्यावरून खरडची बस धरली. खिडकीची जागा त्याला दिली आणि मी कडेला टेकलो. पुढच्या खड्ड्याखड्ड्याला मी चादरीवरून हात फिरवत होतो, ते बघून शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, “बीमार है, पुत्तर?” मी हो म्हटलं. त्यांनीही हात फिरवला.

आता बलविंदरजींबद्दल काय लिहू? मी अनेक साहेब बघितले, दोन मंत्री जवळून बघितले, पण एखाद्या माणसासमोर आपोआप चप्पल काढावीशी वाटली ती तिथेच. पांढरी दाढी, आकाशी पगडी, आणि सुपारीच्या खांडाएवढ्या स्क्रूसाठी काडीएवढा पेचकस. झाकण काढलं, आत वाकून बघितलं, कान लावला. मग चिमट्याने त्यांनी आतून काहीतरी उचललं आणि कागदावर ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. थोड्या वेळाने कागदावर छोटासा ढीग झाला. पिवळट, लालसर. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “ये क्या है जी?”

त्या अक्षता होत्या, आत्या. आठ खंडेनवम्यांच्या. उपजीविकेचं साधन म्हणून मी दरवर्षी त्याची पूजा करतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो आणि वरच्या जाळीवर मूठभर अक्षता टाकतो. त्या जाळीखाली पंखा असतो हे आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही. व्हायरसने शुद्ध घालवली होती ती वेगळीच, पण डबा मिनिटभरात मान टाकत होता तो माझ्या भक्तीने. मी बलविंदरजींना सांगितलं की हे आशीर्वाद आहेत. ते म्हणाले, “ओ जी, इतने आशीर्वाद में तो साँस रुकेगी ही.” पण तो कागद त्यांनी केरात टाकला नाही. पुडी बांधून माझ्या हातात दिली.

मग त्यांनी डिस्क काढली. आत्या, तू ती बघायला हवी होतीस. तुझ्या पोथीच्या निम्मी, चपटी, थंडगार. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, “मरी नहीं, बेहोश है.” एवढ्याशा त्या चकतीत आपला मूळपुरुष, गुहागरचा वणवा, सात दत्तकं, दोन संन्यासी, तीन फरारी आणि एक तोफखान्यातला कारकून दाटीवाटीने राहतात, आणि वजन कळतसुद्धा नाही. मी ती कपाळाला लावून परत दिली. ते हसले नाहीत.

त्यांनी ती आपल्या यंत्राला जोडली आणि शोध सुरू झाला. सहा तास चालला. व्हायरसने चालू होण्याची वाट मोडून टाकली होती आणि कप्पे लपवले होते, पण आतलं खाल्लं नव्हतं. मी स्टुलावरून हललो नाही. त्यांच्या बायकोने दोनदा चहा आणि एकदा राजमा-चावल आणून दिलं. दुपारी तीनच्या सुमाराला पडद्यावर पहिलं नाव उमटलं, ‘पिढी १’. मग ‘पिढी २’. एकेक जण वर येत होता. खरडच्या त्या खोलीत, बाहेर ट्रॅक्टर धडधडतोय, आणि पगडीवाल्या परक्या माणसापुढे आपले पणजोबा, खापरपणजोबा रांगेने हजर होतायत. मला रडू आलं, लपवत नाही. बलविंदरजींनी विचारलं हे काय आहे, तेव्हा मी जमेल तशा हिंदीत सांगितलं. त्यांनी ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवून बघितली. त्यांच्या आजोबांचं घर फाळणीत पलीकडे राहिलं, आजोबांच्या वडिलांचं नाव त्यांना माहीत नाही. “हमारा तो उधर ही रह गया जी,” एवढंच म्हणाले, आणि पेचकस पुसून जागेवर ठेवला.

संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. कुलवृत्तांताच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक बलविंदरजींकडे, एक पूर्वीकडे, एक क्षितिजाच्या लोखंडी कपाटात. (किल्ली तिच्याकडे. मला देणार नाही म्हणाली.)

बाकी सर्व क्षेम. थंडीत गुडघ्याला गरम पट्टी बांध आणि बोक्याला माफ कर.

तुझा भाचा,
अविनाश

ता. क. विसाजीच्या शाखेची दुसरी ईमेल आली आहे. ‘उर्वरित कागदपत्रे’ म्हणे. मी उघडलेली नाही. पण आत्या, समजा...

ता. क. २. क्षितिजाने वरची ओळ वाचली आणि ती ईमेल माझ्यासमोर पुसून टाकली. आता कामाचं. सगळी पानं मिळाली, एक सोडून. पान २१४, म्हणजे तुझं. व्हायरसने नेमकं तेच कोरं केलंय. तर पौष संपायच्या आत तुझी माहिती लिहून पोस्टाने पाठव. किमान दोन पानं.

ता. क. ३. क्षितिजा म्हणते, म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू नये, आणि हे पत्र ती स्वतः पेटीत टाकणार आहे. तर खरं सांगतो. पान २१४ कोरं नाही. व्हायरसने त्याला हातही लावलेला नाही. निघता निघता बलविंदरजींनी विचारलं होतं, ये सब लिखा किसने? मी सांगत सुटलो. आमची आत्या. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. आतोबा गेल्यावर साठाव्या वर्षी मोडी शिकली, कारण जमिनीचे कागद वाचून देणारा कोणी भेटेना. एसटीने एकेचाळीस गावं फिरली. एका तलाठ्याच्या दारात तीन दिवस बसली आणि चौथ्या दिवशी त्यालाच त्याच्या आजोबांचं नाव सांगून आली. मी बोलत होतो आणि माझं मलाच नवल वाटत होतं, की दोन वर्षं मी अकरा पिढ्या टाइप केल्या आणि यातली सगळ्यांत मोठी गोष्ट पाहिलीच नाही. ते म्हणाले, “उनका पन्ना दिखाओ.” मी अभिमानाने २१४ उघडलं. तुझ्याच वहीतलं, तुझ्याच शब्दांत, सगळ्या मुलींसाठी तू लिहितेस तसंच:

‘कन्या सुरेखा. वाईस दिली. पुढे माहिती नाही.’

मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, “बस?”

तो प्रश्न मी बसमधून घरी घेऊन आलो, आत्या. विसाजीचं समजू शकतो, त्याला आता कुठे विचारायचं? पण तू वाईला आहेस, तुझा फोन लागतो. ‘पुढे माहिती’ तुझ्याजवळ नाही तर कोणाजवळ आहे? ती दिल्याशिवाय मी पुस्तक छापायला देणार नाही, मग सहस्रचंद्रदर्शनाला पाहुण्यांना पेढे वाट नुसते.

नवी वही घे. लिहून झाली की पाठव. नदीत सोडणार नाही.