सव्वा मूठ गहू

१३ जून १९३८, सोमवार. कोरीट.
आजपासून डायरी. रोज लिहायची, थोडक्यात लिहायची, खरं तेच लिहायचं. सगळी नोकरी खांडबारा स्टेशनात गुड्स क्लार्क म्हणून गेली, तेव्हा शिस्त अंगात आहेच.
रिझोल्यूशन एकच. धाकट्या भावाला, उखाला, एकटा पाडायचं. भाऊबंदांपैकी एक माणूस त्याच्या ओट्यावर दिसता कामा नये. म्हणजे कळेल त्याला.
पहाटे भिंतीपलीकडे खोकला. मुद्दाम. मला उठवण्यासाठी.

१४ जून, मंगळवार.
विशेष काही नाही. खोकला रेग्युलर.

१ जुलै, शुक्रवार.
मधले दिवस लिहायचे राहिले. शाई वाळली होती.
केस नीट मांडून ठेवतो, म्हणजे राग थंडावणार नाही. आई होती तोवर घराण्याची देवी कानबाई आमच्याकडे बसायची. आई गेल्यावर ती मोठ्या मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे यायला हवी होती. भाऊबंद बसले आणि म्हणाले, भाईदास नोकरीवर, त्याची बायको वारलेली, घरात सवाष्ण नाही, देवीचं करणार कोण? कानबाईचा नारळ उखाच्या हातात दिला. उखाने घेतला. 'नको, दादाला द्या' असं एकदाही म्हणाला नाही. तीन वर्षांपूर्वी पेन्शनीत आल्यावर पहिलं काम म्हणून मी अंगणात मधोमध भिंत घातली. भिंत पक्की आहे. फक्त आवाज अडत नाही.

२ जुलै, शनिवार.
प्लॅन सुचला. फर्स्ट क्लास प्लॅन.
श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. यंदा मी माझ्या घरी वेगळी बसवणार. नवा नारळ. सगळे भाऊबंद रोट, म्हणजे प्रत्येकाच्या नावाने मोजलेल्या गव्हाचा नैवेद्य, खायला इकडे. उखा तिकडे एकटा, समोर रोटाचा ढीग. आणि रोटाचा नियम कडक. भाऊबंदांनीच खायचा. परक्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीला नाही, कुत्र्याला तुकडा नाही. पौर्णिमेपर्यंत संपला नाही तर खड्डा करून पुरायचा. बस म्हणावं पुरत.
बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

९ जुलै, शनिवार.
चुलतभाऊ भिलाला चहाला बोलावलं. भाऊबंदांत त्याचा शब्द चालतो. त्याला प्लॅन सांगितला. त्याने बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि 'दखू, दखू' म्हणाला. म्हणजे लाईन क्लिअर. भिला एकदा बघू म्हणाला की झालंच समजायचं.
भाऊबंदांतल्या नवललाही गाठलं. तो घाईत होता, पण त्याने मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते पाहायचं राहिलं.

२२ जुलै, शुक्रवार.
उखाची बायको दगूबाई हिने वाटीत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी पाठवली. शत्रूच्या घरचं खायचं नाही हे रिझोल्यूशन आहे. खाल्लं नाही, चव पाहिली. आई करायची तशीच, मेथीदाण्याची फोडणी. वाटी रिकामीच परत पाठवली. धुतली मात्र नाही. इन्सल्ट समजली असेल.
खोकला वाढलाय. हा माणूस कोणत्या थराला जाईल सांगता येत नाही.

१ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी.
सकाळी दगूबाई माझ्या दारात आली. मी जेठ, थोरला दीर, त्यामुळे ती माझ्याशी थेट कधी बोललेली नाही. डोक्यावरून पदर ओढून खांबाशी बोलते, मी ऐकायचं. खांबाला म्हणाली, 'त्येस्नी तब्येत बरी नही. तुम्हना नावना गहू यंदाबी मोजतीन त्या. येवानं तर या. नही उनात तरी मोजतीन.'
म्हणजे मी गेलो नाही तरी उखा माझी मूठ मोजणार. मीही खांबालाच सांगितलं, की माझी मूठ माझ्या घरी मोजली जाईल, लोकांनी दुसऱ्याच्या नावाला हात लावू नये.
ती गेली. उगाच जरा तोडून बोललो. पण तब्येतीचं निमित्त जुनं आहे. लहानपणी शाळा चुकवायलाही त्याचं पोट दुखायचं, आणि मास्तरांना सांगायला मला पुढे करायचा. मी सांगायचो.

५ ऑगस्ट, शुक्रवार.
गहू मोजले. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नवल, भिला, रेवजी, त्यांची पोरं, पाळण्यातली सुद्धा. नाव घ्यायचं, मूठ सुपात टाकायची. सूप भरलं. छाती भरून आली.
उखाची मूठ मोजली नाही.
मुद्दाम. आपल्यात माणूस मुंबईत असो, तुरुंगात असो, त्याची मूठ मोजतातच. वगळतात ती फक्त मेलेल्याची. म्हणूनच वगळली. हा खरा टोला. तीन वर्षांत इतका नेमका टोला सुचला नव्हता.
हात मात्र सवयीने पोत्याकडे गेला होता. वेळेत मागे घेतला.

६ ऑगस्ट, शनिवार.
दळण. जात्यावर बायका बसतात, पण माझ्याकडे बायका नाहीत आणि भाऊबंदांच्या बायकांचा आज काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. एकीचाही पत्ता नाही. स्वतः दळलं. जातं वॅगनपेक्षा जड. दुपारपर्यंत निम्मं सूप झालं, हाताला फोड.
भिंतीपलीकडे बायकांचा घोळका होता, दोन जाती चालू, गाणी चालू. उखाने भाड्याने आणल्या असाव्यात.

७ ऑगस्ट, रविवार. सकाळ.
कानबाई बसवली. नारळाला डोळे लावले, नथ लावली. नथ थोडी तिरपी बसली. पुरण पातळ झालं, खीर लागली. तरी एकंदरीत उत्तम. ओट्यावर सतरंजी टाकली. पंगतीची पानं मांडली.

दुपारी.
भिला आला. पहिला पाहुणा. उठून पाट दिला. तो बसला नाही. तुझी मोठी परात दे म्हणाला, उखाकडे कमी पडते. मी विचारलं, जेवायला कधी येताय सगळे? त्याने माझ्या मांडलेल्या पानांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, 'भाईदास, आम्हना गहू उखाकडे मोजाई गयात. एक मानूसना गहू दोन घरे कशा मोजाईत?' 
हा नियम माझ्या लक्षात राहिला नव्हता. परात दिली.

संध्याकाळी.
कोणी आलं नाही. पावसामुळे असेल. पाऊस नव्हता, पण ढग होते.
एकटा जेवलो. एवढा रोट, आणि गाईला घालता येत नाही, भिकाऱ्याला देता येत नाही. चुलीचा धूर डोळ्यांत गेला. चूल विझून बराच वेळ झाला होता.

८ ऑगस्ट, सोमवार.
विसर्जन. तिकडे वाजंत्री, फुगड्या, सगळं कोरीट गाव. मी पाटावर माझा नारळ घेऊन मागून. मागून म्हणजे ठरवून, अंतर राखून.
नाल्याला जोराचं पाणी होतं. नारळ बुडवून परत आणायचा असतो. माझा हातातून सुटला आणि वाहायला लागला. मी काठावर नुसता उभा. लोक हसतील म्हणून वळलो, तर उखा बैलगाडीत पोत्याला टेकून बसलेला. किती वाळलाय. भिंत घातल्यापासून त्याला एवढ्या जवळून पाहिलंच नव्हतं. तो श्वास गोळा करून ओरडला, 'दादानी कानबाई वाही चालनी, धरा रे कोन्ही तरी.' चार जणांनी उड्या टाकल्या. नारळ आणून माझ्या पाटावर ठेवला. नथ सरळ लावून दिली.
सगळ्यांसमोर मोठेपणा मिळवण्याचा हा डाव. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता, ते मात्र दिसलं.
उद्या जाऊन त्याला स्पष्ट विचारायचं, की हे काय चालवलंयस. तब्येतीचंही विचारून घ्यायचं, ओघात.

९ ऑगस्ट, मंगळवार.
गेलो नाही. काय बोलायचं ते ठरेना. उद्या नक्की.

१० ऑगस्ट, बुधवार.
उखा पहाटे गेला.
खोकला थांबला म्हणून मला जाग आली. आधी बरं वाटलं. मग दगूबाईचा आवाज आला.
त्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला वळसा घालून रस्त्याने जावं लागलं, कारण अंगणातून जायला मीच वाट ठेवलेली नाही. पुढचा खांदा मी दिला. हलका होता.
मूठ वगळली म्हणून काही होत नसतं. योगायोग असतो. महिनोन्‌महिने आजारी होता. हे वाक्य आज पुष्कळ वेळा लिहिलं आणि खोडलं.

११ ऑगस्ट, गुरुवार. पौर्णिमा.
सुतक मलाही आहेच. घर वेगळं केलं तरी सुतक वेगळं होत नाही. रोट आता खाता येत नाही, आणि आज पौर्णिमा. टोपली घेऊन पुरायला मागच्या निंबाखाली गेलो. तिथे भिला आधीच खड्डा खणत होता. बाजूला फडक्यात थोडासाच रोट, चार-सहा तुकडे.
मी म्हटलं, तुमच्याकडे एवढी माणसं जेवली, तरी उरला?
भिलाने कुदळ थांबवली. 'हाऊ तुन्हा वाटा शे,' म्हणाला. 'तुन्हा वाटाना रोट कोन्ही खात नही. उखा दरसाल पुनीमलोंग ठी दे, का दादा यी म्हनीसन. मंग आठेच पुरे, सोता. यंदा त्याना अंगमा जीव नव्हता. माले सांगी गया.'
दरसाल, पौर्णिमेपर्यंत, दादा येईल म्हणून ठेवायचा. मी टोपली खाली ठेवली. तिच्यात सगळ्या घराण्याचा वाटा होता. नवलचा, भिलाचा, रेवजीचा, पाळण्यातल्या पोरांचा. उखाचा नव्हता. भिलाने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.
एकाच खड्ड्यात दोन्ही पुरलं. मला रडू आलं. धूर नव्हता.

२२ ऑगस्ट, सोमवार.
तेरावं झालं. लोक आपापल्या घरी गेले. भिंत पाडावी म्हणून पहार घेतली, दोन विटा निघाल्या. पक्की बांधली आहे. कंबर धरली.
दोन विटांच्या त्या भोकातून दगूबाईने हाक मारली. पहिल्यांदाच, खांबाला नाही, मला. 'दादा, वरीस सरनं का कानबाई बसाडनी पडी. गहू त्या मोजेत. आते तुम्हीच मोठा. तुम्ही मोजशात ना?'
उखाच्या जागी गहू मोजायला मी हो म्हटलं.
पहाटे आपोआप जाग येते. पलीकडे काही ऐकू येत नाही. नवीन रिझोल्यूशन सुचत नाही. कोणाविरुद्ध करायचं?
गहू मात्र मोजेन. नावं पाठ आहेत. उखाची मूठ कशी वगळायची, तेही येतं मला.