दहाची घंटा

पाळकबाबा, तुमाले वंदाचा नमस्कार.

तुमच्या चर्चाची घंटा आज मी वाजवली. तुमी प्रभूकडं गेल्यापासून ती गपच होती. दोरी वढून तळवे सोलले, म्हनून अक्षर वाकडं येऊन राह्यलं, समजून घ्या. चवथी शिकलेली बाई मी, अन् मांडीवर माही लेक परी झोपेल आहे.

काऊन वाजवली, तं सांगते. माहा नवरा देवा सोनबाभाऊच्या वावरात औषध फवाराले जाते. कपाशीची पऱ्हाटी यंदा त्याच्या डोक्याच्या वर गेली, औषध तोंडावरच पडते. बीटी बियान्याच्या पाकिटावर बोंड कसं पांढरं फेक राह्यते, अन् वावरात पाह्यलं तं आतमंदी अळी. मंग फवारा, अन् परत फवारा. परवा दुपारी घरी आला तं डोळे लाल, अन् वकाऱ्या थांबत नाहीत. मी परीले पोटाशी धरून दारात उभी. हे लेकरू बापाले नीट ओळखत बी नाही अजून, बाबा. पुढचं लिहत नाही.

तवा तुमी आठवले. तुमी राजकारनात आले ते याच्याच पायी ना? मी लहान होती. शेजारचा मानूस फवारता फवारता पडला अन् डाक्टर कुठंच भेटेना. लोकं तुमच्याकडं पयत आले. तुमी प्रार्थना केली, तो वाचला बी. पन रविवारी चर्चात तुमी म्हनले, "प्रार्थना करतो मी. पन डाक्टर कोन आनते?" कोनीच उठलं नाही. मंग तुमीच झेडपीले उभे राह्यले.

तुमची पयली सभा आठवली की आज बी हसू येते. दुसरबीडच्या बाजारात मांडव होता. आमी काही तुमच्या चर्चातले नाही, पन नाताळाच्या केकापायी सारं गाव तुमच्याकडं राहे. पाळकबाबाचा हात वर गेला की आशीर्वाद, मान खाली घालाची अन् घरी जायाचं, हे आमाले पाठ. तुमी भाषनात तापले अन् हात वर केला. झालं, सारा मांडव उभा राह्यला, आमेन म्हनला अन् सतरंज्या झटकून चालाले लागला. सगळ्यात मोठं आमेन करीमचाचाचं. तुमी माइकवर वरडून राह्यले, "अरे बसा ना बाप्पा, मत मांगाचं राह्यलं!"

निशानी तुमाले छत्री भेटली होती. मंग पाळकीनबाईनं हरेक सभेत ती तुमच्या उजव्या हातात देली, की हात खालीच राह्यला पाह्यजे. तुमी निवडून आले तं म्हनले, "मी नाही व, छत्री निवडून आली."

अन् मेंबर झाले तरी पाळकच राह्यले. मोठ्या सायबापुढं उभे राहून डोळे मिटले म्हने, अन् मोठ्यानं प्रार्थना केली, "हे प्रभू, आमच्या डाक्टराचा कागद या टेबलावर बसून बसून थकला. त्याले पुढच्या टेबलावर जायाची ताकद दे." सायबानं बी आमेन म्हनलं. डाक्टर आला ना मंग.

मंग तुमी घंटा सुरू केली. फवाऱ्याच्या दिवसात सकाळी दहाले दोरी वढाची. घंटा झाली की पंप खाली, ऊन चढल्यावर फवारा बंद. मालक कुरकुर करत, पन पाळकासंगं अन् मेंबरासंगं एकाच वक्ती कोन भांडते? आमदारकीच्या निवडनुकीत पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव तोंड पाडून तुमच्या दारात आलं, तं तुमी चप्पल धुंडून राह्यले. "दहा वाजले व बाईहो, सरा बाजूले." अन् गेले घंटा वाजवाले.

एवढं केलं, पन तुमच्या मांगं कोन वाजवीन, हे काऊन नाही सांगतलं? नवे पाळक रविवारीच येतात. काल मी सोनबाभाऊले म्हनलं, दहाले देवाले सोडा. ते म्हनले, "मेंबर गेला, घंटा गेली. आता तू कायदा शिकवतं का मले? लय वाटते तं ठेव नवऱ्याले घरी."

रातभर इचार केला. घरी ठेवलं तं खावाचं काय? आज सकाळी पाळकीनबाईकडं गेली. म्हनलं, "बाई, मी तुमच्या धर्माची नाही. चालते का?"

"दोरीले काय समजते व? लेकरू दे इकडं अन् जोरानं वढ. आमचे हे तं दोरीसंगं वर जात."

पयल्यांदा वढली तं बकरीच्या गळ्यातल्या घंटीवानी आवाज. मंग सारा जीव लावला. बाबा, काय वाजली! कबुतरं उडाले.

रस्त्यावर येऊन उभी राह्यली. पयले करीमचाचा आले, सोनबाभाऊच्याच वावरातून, पाठीवर पंप. "या अल्ला, मेरेको लगा पाळकसाब वापस आ गये." मंग वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं बाकीचे आले. देवा दिसेना. मालकाच्या भ्यानं राह्यला का? का पडला पऱ्हाटीत?

मंग दिसला. तोंडाले फडकं बांधून येऊन राह्यला होता, मांगं सोनबाभाऊ वरडत. "उद्यापासून येऊ नको."

चाचानं पंप खाली ठेवला अन् चर्चाच्या सावलीत बसले. "तो मैं भी नही आता. वावरका फवारा तुम्हीच मारो, सोनबा. पऱ्हाटी तुमच्या बी डोक्यावरच जाते." एकेक करून सारेच बसले. कोनी भांडलं नाही. एकानं तं तमाखू मळाले घेतली.

सोनबाभाऊनं ऊन पाह्यलं, पऱ्हाटी पाह्यली. मंग म्हनले, "सकाळी सहाले या मंग. साडेसहा चालनार नाही." अन् गेले.

देवा मले म्हनते, "तू वाजवली व? मले वाटलं परीनंच वढली." दुपारी पोटभर जेवला, हात दोनदा साबनानं घासले अन् परीले मांडीवर घेतलं. तिनं त्याची मिशी धरली.

भ्या अजून गेलं नाही, बाबा. सोनबाभाऊ उद्या फिरले तं काय, हे बी मनात आहे. पन उद्या दहाले मी जानार. बोंडं फुटून फवारा बंद होईपर्यंत रोज जानार, अन् मले ताप-खोकला असला तं देवाले दोरीवर पाठवीन. तुमी तिथं निवांत बसा, आता दहा वाजले तरी चप्पल धुंडाचं काम नाही.

तुमच्या शब्दात राह्यनारी,
वंदा, देवाची घरवाली