निम्मं अंतर

३ मार्च
आलो एकदाचे! मेंढ्यांच्या फार्मवरची ही नोकरी म्हणजे गणित शिकलेल्या माणसाला लागलेली लॉटरीच. मेंढ्यांच्या गळ्यात ठिकाण कळवणारे पट्टे बांधायचे आणि त्या कुठे फिरतात ते कॉम्प्युटरवर बघायचं. तीन खोल्यांचं घर, अगदी कुरणाच्या मधोमध. ठकीचा पाळणा खिडकीपाशी ठेवला. लेक आठ महिन्यांची, पण बाहेर मेंढी ओरडली की हीसुद्धा बें करते. बायको म्हणाली, ही नोकरी बापापेक्षा हिलाच शोभेल.

९ मार्च
मला वाटायचं, मेंढ्या वाट्टेल तशा भटकतात. पण पडद्यावर सुरेख वेटोळं उमटतंय, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं. आजचा फेरा कालच्यापेक्षा आत, अंतर बरोब्बर निम्मं. मध्यबिंदू आमचं घर. मालकांना दाखवलं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि विचारलं, यानं लोकर वाढेल का? जनावरांच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध लिहून दिलं. कुठे डोकं आपटावं?

१२ मार्च
मध्यबिंदू घर नाही, पाळणा. खात्री करायला तो स्वयंपाकघरात हलवला, तर दुपारपर्यंत अख्खं वेटोळं तेवढंच सरकलं. म्हणजे ठकी. सामान बांधलं, पण मालक गाडी देईनात. मेंढ्यांना बघून कोण पळतं, म्हणे. बायको म्हणते, निम्म्याचं निम्मं करत गेलं तर शून्य कधी येतच नाही, तूच शिकवलंस ना मला? अगं, पण मेंढीला अंग असतं! शून्यापर्यंत यायची तिला गरजच काय? कुणी ऐकतच नाही.

१३ मार्च
मेंढ्या भिंतींना अंग घासत फिरताहेत. दारं-खिडक्या लावून घेतल्या. तरी पडद्यावर एक ठिपका घराच्या आत, पाळण्याभोवती. पलंगाखाली, मोरीत, सगळीकडे शोधलं. मेंढी नाही. बायको वैतागली. म्हणाली, सकाळपासून पाळण्याभोवती घिरट्या घालतोयस, जरा बूड टेक.
खिशात हात गेला. जादा पट्टा. चालू.
सगळ्यात आतला फेरा माझा आहे.

१३, दुपार
पट्टा फेकला. पाय थांबत नाहीत. बायकोला म्हटलं, हिला घेऊन पळ, मला कोंडून ठेव. ती हसली. आत्ताच झोपलीय, उठवू नकोस, म्हणाली आणि दूध आणायला गेली. मेंढ्यांनी तिला वाट दिली— लगेच बंद केली.
लिहीत राहिलो तर हात गुंतलेला राहील. चालत लिहितोय. अंतर निम्मं. पुन्हा नि—
पेन पडलं. उचललं.
डाव्या हातानं लिहितोय. उजवा पाळण्यात—