इच्छामरण मंडळाचे एकमेव सभासद

२ डिसेंबर १९८५
पेपरात इच्छामरणाच्या कायद्यावर वाद वाचला. बाजू घ्यायला ठाम माणूसच दिसत नाही. मी घेणार. गांधीबागेतल्या दुकानात कापड फाडण्यात उभं आयुष्य गेलं, आता उरलेलं विचारांत घालवायचं. 'इच्छामरण समर्थक मंडळ' स्थापन. अध्यक्ष मी. सभासदही सध्या मीच. पंधराला महाल भागात जाहीर सभा, मग थेट आमदारांची भेट. अधिवेशन नागपुरातच आहे, ते आलेलेच असतात.
बायकोला भाषण वाचून दाखवलं. प्रेमिला म्हणाली, "रोज जेवताना हे ऐकावं लागत असन, तर माझं नाव पहिलं लिहा."
पाठिंबा सुरू!

४ डिसेंबर, सकाळी
सभेसाठी जिवंत उदाहरण हवं. महालातले रामाजीमामा आयडियल. दिवाळीत पाय घसरून पडले, तेव्हापासून खाटेवर. येताजाता "देवा, उचल मले" चालूच. त्यांना सगळं समजावलं. स्वतःची संमती, डॉक्टरांचं मत, एकदम सिस्टिमॅटिक. मामा भडकले. "मी देवाले म्हणून राहिलो! तू काहून मधात येऊन राहिला गा?"
भावनेच्या भरात आहेत. पटेल.
मामीने चहा विचारला नाही. घाईत असावी.

७ डिसेंबर
पुन्हा मामांकडे. मला पाहताच खाटेवरून उतरले, काठी घेतली, फाटकापर्यंत मागे आले. मामी रडत होती, पडल्यापासून पहिल्यांदाच चालले म्हणे.
चळवळीला मोठा सेटबॅक.

९ डिसेंबर
शेजारचे भैयाजी स्वतःहून आले! त्यांच्या आईने, तुळसाबाईंनी, अंथरूण धरलंय. "एक डाव येऊन तुमचं ते भाषण देता काय?"
विचार पसरतोय. गेलो. तुळसाबाईंनी अर्धं ऐकलं, उठल्या आणि झाडू उचलला. बाहेर आल्यावर भैयाजींनी मला पेढे दिले. का, ते कळलं नाही.

११ डिसेंबर
डिमांड भयंकर. दुकान उघडायच्या आधीच दारात माणसं. कोणाचे सासरे खाटेवर, कोणाची आत्या.
संकल्प: यापुढे भाषण दाराजवळ उभं राहूनच करायचं.

१३ डिसेंबर, दुपारी
नंदनवन वस्तीत रुख्मिणीबाईंकडे. त्यांच्या सुनेने, इंदुताईने, बोलावलं होतं. पोटात कॅन्सर. "आता घरीच ठेवा" म्हणून दवाखान्याने पाठवलेल्या. दाराजवळ उभा राहून सुरू केलं. रुख्मिणीबाई उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बसा भाऊ. तुमचं बरोबर आहे. मले हेच पाहिजे. कधी करता?"
असा प्रश्न भाषणात धरला नव्हता. म्हटलं, कायदा व्हायचाय. मग म्हटलं, थंडी काय मस्त पडलीय. नवी औषधं निघतायत. नातवाचं लग्न पाहा.
त्या म्हणाल्या, "मले काहून समजावून राहिले? तुम्ही तर माझ्याच बाजूचे ना?"
घाईचं काम आठवलं, निघालो. चप्पल तिथेच राहिली.

१५ डिसेंबर
सभा तब्येतीमुळे रद्द. कोणाच्या, ते जाहीर केलं नाही. रामाजीमामा मात्र काठी घेऊन पायी गेले आणि बराच वेळ पहिल्या रांगेत बसून होते म्हणे.
संध्याकाळी नंदनवनात. फक्त चप्पल आणायला. रुख्मिणीबाईंना कळ आली होती, इंदुताई पाठ चोळत होती. मला म्हणाल्या, "बोला काही भाऊ. तुमचं भाषणच म्हणा. माणसाचा आवाज आला का कळ थोडी मागं सरते."
म्हटलं. पहिल्यांदाच कोणी भाषण मधे तोडलं नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्याला त्यांना झोप लागली. मी थांबलो. श्वास चालू आहे ना, ते वाकून पाहिलं. चालू होता. माझे हात आपोआप जोडले गेले.
हे मंडळाच्या भूमिकेत बसत नाही.
इंदुताईने उद्या पुन्हा बोलावलंय. जाईन.