हिरवी पुडी

प्रिय पेइ-शान,

शिन्चूहून काल सुखरूप घरी पोहोचलो. तुझ्या आईने दारातच विचारले, "आधी सांगा, संशोधन सोडून संगणकाच्या चिपच्या कारखान्यातली नोकरी घेतेय ना ती? सोमवारी उत्तर द्यायचंय." मी पिवळी पुडी तिच्या हातात ठेवली आणि पाय धुवायला गेलो.

त्या पुडीचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवायची, आणि तिची मुदत संपू द्यायची नाही, हा आपल्या तैवानातला रिवाज मला ठाऊक होता. स्टेशनवर हिरवी संपली होती. मुदतीची तारीख मी चष्मा लावून तपासली; रंग मात्र गौण मानला. तुझ्या प्रयोगशाळेत शिरताच तुझा सीनियर कुआन-तिंग ओरडला, "काका, पिवळी? पिवळा म्हणजे धोक्याचा दिवा. आमच्या मायक्रोस्कोपशी जुनं वैर आहे का तुमचं?" तू पडद्यावरची नजर न हटवता म्हणालीस, "बाबा, पुडी बाहेर ठेवा. आणि तुम्हीही जरा दारातच थांबा."

दारातून मला जे उमगले ते असे. लहानपणी पूल बांधायचे म्हणणारी तू आता सिलिकॉनमध्ये केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या तुळया कोरतेस. एखादा जंतू बसला तरी त्या थरथराव्यात म्हणून. मात्र धुऊन वाळवताना पाण्याचा शेवटचा अंश त्यांना तळाशी ओढतो. पडद्यावर एक तुळई चिकटलेली, पुढचीही चिकटलेली. कुआन-तिंग माझ्या हातातल्या पुडीकडे पाहू लागला. आणि मग एक तुळई सरळ, अधांतरी. तू मला बाही धरून आत ओढलेस, पुडीसकट. "बाबा, खाली सावली दिसतेय ना? म्हणजे टेकलेली नाहीये ती." कुआन-तिंग म्हणाला, "काका, हलू नका आता. आहात तिथेच उभे राहा."

संध्याकाळी सूप पिताना "नोकरीचं तुम्ही सांगाल तसं" असे तू म्हणालीस, आणि मी तुला आणखी सूप वाढले. उत्तर लेखी द्यावे, असे मला वाटले. आईशी बोललो आहे. ती पिवळी पुडी संपवत ऐकत होती, शेवटी म्हणाली, "चव बरी आहे. तिला म्हणावं, वेळेवर जेवत जा." सोबत हिरवी पुडी पाठवीत आहे. तिची मुदत पुढच्या वर्षी संपेल. ती बदलायला मी स्वतः येईन, आणि त्यापुढच्या वर्षीही, तुझी डॉक्टरेट पूर्ण होईपर्यंत. कारखान्याला नम्र नकार कळव.

तुझाच,
दारात न थांबलेला बाबा